दुसरी खाच

गिरनारच्या डोलीवाल्यांत एक कायदा आहे. कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी पाहिला नव्हता. उचलणारा बसत नाही. पाय मुरगळू दे, ताप भरू दे, डोलीवाला डोंगर उतरेल तो आपल्या पायांनी, नाहीतर दुसऱ्याच्या पाठीवर. डोलीत बसून खाली आलेला डोलीवाला एकच, म्हातारा राणाबापा, आणि तो आला तेव्हा त्याच्या तोंडावर उपरणं टाकलेलं होतं. त्यानंतर नुसता थकवा आला तरी डोलीवाले सावलीत आपल्याच डोलीवर टेकत नाहीत. दगडावर बसतात.

हे मला माहीत असण्याचं कारण म्हणजे त्यातले निम्मे दगड माझ्या दुकानासमोर आहेत. डोंगराच्या अर्ध्यावर, जैन देरासरांच्या, म्हणजे देवळांच्या, खाली, माझं चहा-लिंबूपाण्याचं छप्पर आहे. माझं नाव मोंघी. आमच्या सोरठात मोंघी म्हणजे महाग. "नाव मोंघी, सरबत पातळ," असं वेजो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि माझं गिऱ्हाईक मला हसत हसत बसायचं. रोपवे यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा ज्याला चढवत नाही त्याला डोलीवाचून इलाज नव्हता.

वेजो आणि उका ही जोडी. जाड बांबू, त्याला दोरांनी लटकवलेला चौकोनी पाट, पाटावर बसलेला माणूस, पुढे वेजो, मागे उका. मिसरूड फुटायच्या वयापासून दोघं एका बांबूखाली. वेजो सडपातळ आणि तोंडाळ. उका रेड्याच्या अंगाचा आणि मुका म्हणावा इतका गप्प. मागच्याला पाटावरच्या माणसापलीकडचं दिसत नाही, म्हणून पुढच्याने हाक द्यायची अशी पद्धत. पायरी ओली असली की "ओलं!", वळण आलं की "वळण!", आणि मागच्याने "हो" म्हणायचं. वेजोच्या हाका म्हणजे तमाशाच असायचा. "वळण आलं रे, सासुरवाडीचं!" "पायरी तुटकी, उकाच्या दातासारखी!" पाटावरची म्हातारी भीतीने डोळे मिटून बसलेली असली तरी हसायची. मी खालच्या वळणावरून हाक ऐकली की लिंबू कापायला घ्यायची.

एका उन्हाळ्यात ती हाक मागून येऊ लागली.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. हाक यायची, मी लिंबू कापायची. मग एक दिवस वाटलं की वेजोचा आवाज असा घोगरा कधी झाला. वाकून पाहिलं तर हाका उका देत होता. मागून, न बघता. पायऱ्या पाठ झाल्या होत्या त्याच्या. वेजो पुढे नुसता मान खाली घालून चालत होता.

"काय रे, जीभ गहाण टाकलीस का?" मी विचारलं.

वेजोने दगडावर बसून दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकली. उत्तर द्यायच्या आधी त्याला तीन-चार वेळा श्वास घ्यावा लागला. "दम आहे, मोंघीबेन. थोडा दम आहे. अडुळसा चालू केलाय."

दम म्हटलं की आमच्याकडे दमा. मग सगळे वैद्य होतात. कुणी हळद-गूळ सांगितला, कुणी बिडी सोड म्हणालं. त्याने बिडी सोडली. बिडी सुटली, दम सुटला नाही. त्याची बायको वाली माझ्याकडे लिंबांची गोणी घेऊन यायची, ती एकदा बोलून गेली की तो आता आडवा झोपतच नाही. भिंतीला गोधड्या लावून बसल्या बसल्या डोळा लावतो. आडवा झाला की कुणी छातीवर बसल्यासारखा दचकून उठतो. हा दमा मला वेगळा वाटला. माझ्या सासऱ्यांना दमा होता. ते थंडीत खोकायचे, पावसात खोकायचे, पण मधल्या दिवसांत चांगले भांडायचे. याचं तर भांडण बंद झालं होतं.

मग मी तो बांबू पाहिला. दोघं चहा पीत होते, डोली माझ्या छपराच्या खांबाला टेकवलेली. वर्षानुवर्षं दोर एकाच जागी बांधला की बांबूवर तिथं खाच पडते. ती ऐन मध्यावर असते, म्हणजे ओझं दोन्ही खांद्यांवर सारखं. यांच्या बांबूवर खाचा दोन होत्या. एक मधली, जुनी, धूळ बसलेली. दुसरी हातभर मागे, उकाच्या बाजूला, ताजी आणि गुळगुळीत.

वेजो देरासराकडे पाणी भरायला गेला तशी मी उकाला धरलं. "किती दिवस त्याचं वजन तू उचलतोयस?"

"तू तुझं लिंबू पिळ."

"उका, मी आंधळी नाही. मुकादमाला कळलं तर?"

तेव्हा तो माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघून बोलला. "म्हणूनच कळू द्यायचं नाही. जो दमला त्याची जोडी मुकादम मोडतो. वेजो घरी बसला तर चार दिवसांत मरेल. दोन वर्षं झाली, मला जड होत नाही. माझं अंग मोठं आहे, देवाने कशाला दिलंय?"

त्याला खरंच वाटत होतं की झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सांगून टाकलं की पायथ्याच्या भवनाथला, धर्मशाळेत, येत्या अमावस्येला डॉक्टर येणार आहेत, तिथं याला दाखवला नाहीस तर मी स्वतः मुकादमाकडे जाते.

गेले दोघं. संध्याकाळी उतरताना मी पायथ्याशी गाठलं. "काय म्हणाले?"

"डॉक्टरीणबाई होती, पोरसवदा," वेजो हसला. "दमच म्हणाली. गोळ्या दिल्या."

उका बांबूकडे बघत होता. मी सुटकेचा श्वास टाकला आणि वर त्यांना फुकट चहा पाजला, याचा राग मला अजून येतो.

कार्तिकी पौर्णिमा आली. परिक्रमेची गर्दी. डोंगराभोवती माणूस, डोंगरावर माणूस, पायरीवर पाय ठेवायला जागा नाही. डोलीवाल्यांची सुगी हीच. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, ऊन चढायला लागलं होतं, वरच्या वळणावरून आरडाओरडा झाला. मला वाटलं कुणी घसरलं. पण मग उका दिसला. तो वेजोला काखेतून धरून एकेक पायरी खाली आणत होता त्यांच्या मागून दोन यात्रेकरू रिकामी डोली घेऊन, आणि एक राजकोटची म्हातारी, पाटावरून उतरलेली, चपला हातात घेऊन रडत येत होती.

वेजोचे ओठ जांभळे पडले होते. खोकत होता आणि खोकल्यातून फेस येत होता, गुलाबीसर. छातीतून आवाज येत होता, पातेल्यात पाणी उकळतं तसा. लोकांनी त्याला माझ्या बाकावर आडवा केला. तसा तो बुडणाऱ्या माणसासारखा हात मारत उठून बसला.

"आडवा करू नका!" मी ओरडले. वालीचं बोलणं आठवलं होतं. "बसता ठेवा. पाय खाली सोडा."

गर्दीतला एक कंपाउंडर म्हणाला, बाई बरोबर सांगतेय, याला लवकर खाली न्या, छातीत पाणी भरलंय. पाठीवर घ्यायचा तर छाती दाबली जाणार. उरली डोली.

वेजोने डोलीकडे पाहिलं आणि मान हलवली. बोलायला हवा नव्हती, तरी बोलला. "त्यात... नाही."

"वेजो, बस," उका म्हणाला.

"राणाबापा..." एवढंच म्हणून त्याने छपराचा खांब दोन्ही हातांनी पकडला. ओढला असता तर धडपडला असता, आणि धडपडला असता तर तिथंच संपला असता. आजूबाजूला दहा-बारा डोलीवाले जमले होते. एकजणही हात लावीना. उकासुद्धा थबकला. त्यांचा कायदा मला त्या क्षणी इतका मूर्ख वाटला की मी शिवी घातली, आणि मग कळलं की शिवीने काम होणार नाही. कायद्याला कायद्यानेच पकडायला हवं.

मी टोपलीतलं एक लिंबू उचललं आणि उकाच्या हातावर आपटलं. "हे घे भाडं. सकाळची बोहनी समज. आता हा डोलीवाला नाही, माझा पॅसेंजर आहे. भाडं घेतलंस, आता पॅसेंजर खाली पोचवला नाहीस तर गिरनारीची आण आहे तुला!"

बोहनीचं, दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाचं, भाडं परत करत नाहीत. हा पण कायदाच आहे. उकाने लिंबू कमरेला खोचलं.

"पॅसेंजर, बस," तो वेजोला म्हणाला.

वेजोच्या तोंडावर, त्या फेसामागे, हसू आलं की काय कुणास ठाऊक. त्याने खांब सोडला. आम्ही त्याला मांडी घालू दिली नाही, पाय खाली लोंबते ठेवले. पुढे परबत नावाचा डोलीवाला खांदा द्यायला आला, चार पोरांचा बाप, वेजोशी त्याचं कधी पटलं नव्हतं. म्हातारी म्हणाली, "मी बसते इथंच, माझी काळजी करू नका, तुम्ही पळा."

वरून येणारी गर्दी, खालून येणारी गर्दी, आणि मधून ती डोली. परबतला गर्दीतून वाट काढता काढता हाका देणं जमेना आणि उकाचा आवाज बसला होता. मग हाका मी दिल्या. पुढे धावत, ओढणी कमरेला गुंडाळून. "वळण! ओलं! बाजूला व्हा, माणूस मरतोय, बाजूला व्हा!" कुणी 'जय गिरनारी' म्हणून हात जोडायचं तर मी त्याला ढकलून द्यायची. देव मला माफ करेल, नाही केलं तर बघून घेईन. दर वळणाला मागे वळून बघायची की वेजोची मान ताठ आहे ना. एका वळणावर ती छातीवर पडलेली दिसली. उकाने मागून, बसलेल्या आवाजातच, हाक मारली, "वेजो! पायरी तुटकी!" आणि पाटावरून, अगदी बारीक, उत्तर आलं, "तुझ्या दातासारखी."

खाली जत्रेसाठी आलेली दवाखान्याची गाडी उभी होती. गाडीत नाकाला हवा लावली, सुई टोचली.

जुनागढला जीव वाचला, पण तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की खरं काम अहमदाबादला. तिथं मोठ्या सर्जनसमोर वाली, उका आणि मी उभे होतो. सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं. हृदयात दारं असतात, झडपा. लहानपणी घसा दुखून मग सांधे सुजले, की त्या तापाने कधीकधी ही दारं चिकटत जातात. वर्षानुवर्षं हळूहळू. रक्त पुढे जात नाही, मागे फुफ्फुसात तुंबतं. वाली म्हणाली, "दहा वर्षांचा होता तेव्हा त्याचे गुडघे सुजले होते, मग घोटे. सासूबाई एरंडेल लावायच्या. वात म्हणाले होते सगळे."

"लवकर कळलं असतं, तर मांडीतल्या नळीतून फुगा घालून दार उघडता आलं असतं," सर्जन म्हणाले. "आता ते दगड झालंय. छाती उघडून नवीन बसवावं लागेल. कुणी आधी तपासलं नाही का?"

मी म्हणणार होते की तपासलं, दमा म्हणाली. तेवढ्यात उका खाली बसला. दवाखान्याच्या फरशीवर, डोकं धरून.

"तिने सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्या पोरसवदा बाईने. कुशीवर झोपवून खूप वेळ ऐकलं. विचारलं, लहानपणी सांधे सुजले होते का. वेजो म्हणाला, बाई, ज्योतिषपण बघता का? ती हसली नाही. म्हणाली, दम नाही हा, झडप आहे, डोंगर चढू नको, महिन्याच्या आत मोठ्या दवाखान्यात जा. आम्ही ठरवलं, पौर्णिमा होऊ दे. तोवर मी दोर आणखी मागे घेतला."

मी विचारलं. "तू त्याचं ओझं घेतलंस?"

"एवढंच तर केलं, मोंघी. ओझं घेतलं."

"घेतलंस म्हणून तर कुणाला कळलं नाही! त्यालाही नाही! त्याला जड झालं असतं तर तो दोन वर्षांपूर्वीच खाली बसला असता!"

दवाखान्यातली माणसं बघायला लागली. उकाच्या कमरेला ते लिंबू अजून होतं, वाळून काळं पडलेलं. मला त्याची दया आली आणि रागही गेला नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर बसणं काय असतं ते ज्याने केलं त्याला सांगायला नको. वाली मण्यांची माळ ओढत होती, उका भिंतीला लागून उभाच्या उभा. कुणी दार उघडलं की आम्ही तिघं उठायचो आणि ते दुसऱ्याचंच नाव घ्यायचे. शेवटी एक नर्स आली आणि म्हणाली, नवीन दार चाललंय. वाली तिच्या पाया पडायला गेली तर ती पळाली.

त्यानंतरचा काळ मला ऑपरेशनपेक्षा कठीण वाटला. छातीचं हाड तारांनी बांधलेलं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. कुशीवर वळायचं नाही, पाण्याची बादली उचलायची नाही. चालायचं ते खाटेपासून तुळशीपर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर, रोज, आणि ठराविक दिवसांनी रक्त तपासायचं. मी एकदा मेथीची जुडी नेली तर वालीने ती परत केली. "पालेभाजी रोज सारखीच द्यायची असते, मोंघीबेन. एकदम ढीगभर खाल्ली तर गोळी हरते." शाळेत न गेलेली वाली आता मला शिकवत होती. मी निमूट मेथी घरी आणली.

वेजो मात्र बोलत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोली आता नाही, कधीच नाही. तो भिंतीला टेकून बसायचा. शांत खोलीत त्याच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची, धातूच्या दाराची. उका रोज संध्याकाळी यायचा, शेजारी बसायचा, आणि दोघं ती टिकटिक ऐकत बसायचे. उका आता परबतबरोबर जात होता. त्याबद्दल दोघं अवाक्षर काढत नसत. मला भीती वाटायची की वाचवलेला माणूस असाच भिंतीला सुकून जाईल.

होळी झाली, चैत्र लागला. एका सकाळी मी छपराखाली झाडत होते आणि खालच्या वळणावरून हाक आली.

"वळण आलं रे, सासुरवाडीचं!"

पुढून. वेजोच्या आवाजात.

झाडू हातातच राहिला. डोळ्यांपुढे तो फेस आला, ते जांभळे ओठ. मेल्याने बांबू खांद्यावर घेतला! मी झाडू घेऊनच खाली धावले. उकाला आधी मारणार होते, मग वेजोला.

वेजो पुढे चालत होता. हातात काठी, खांदा रिकामा. त्याच्यामागे बांबू परबतच्या खांद्यावर होता, सगळ्यात मागे उका, पाटावर एक बारीकशी बाई.

"काय झाडताय, मोंघीबेन, डोंगर?" वेजो म्हणाला. "डॉक्टरने सांगितलंय, हळूहळू चढ. तुमच्या दुकानापर्यंतच. हाका द्यायला मनाई नाही, मी विचारून आलोय."

मी त्याच्या छातीला कान लावला. सगळ्यांसमोर. टिकटिक एकसारखी चालली होती. मग मी झाडू पायरीवर टाकून रडले. लाज वाटली नाही.

तेव्हापासून तो रोज माझ्या छपरापर्यंत यायचा, हाका द्यायचा आणि मग इथंच बसून खाली उतरणाऱ्यांची थट्टा करायचा.

वैशाखातली गोष्ट. ते तिघं एका बाईला घेऊन आले, तिला बाकावर बसवलं, डोली टेकवली. परबत दगडावर बसला, कोपरं गुडघ्यांवर टेकून. चहा समोर, पण कप उचलीना. उकाने त्याच्याकडे पाहिलं. मग काही न बोलता तो उठला, पाटाचे दोर सैल केले आणि हातभर मागे, आपल्या बाजूला सरकवले. गाठ मारायला लागला.

वेजो उठला. इतक्या जोरात त्याला उठताना मी ऑपरेशननंतर पाहिलं नव्हतं. त्याने उकाचा हात धरला.

"मध्ये," तो म्हणाला.

"अरे, आज ऊन आहे, त्याला जरा..."

"मध्ये बांध, उका. ज्याचं त्याला जड होऊ दे."

वेजोच्या सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून ऑपरेशनचा व्रण दिसत होता, हाडाच्या मधोमध. उकाने दोर सोडला. वेजोने आपल्या हातांनी तो पुढे आणला आणि जुन्या खाचेत, ऐन मध्यावर, गाठ मारली. मग परबतसमोर उकिडवा बसला.

"बोल."

"रात्री बसून झोपतो," परबत म्हणाला. "संक्रांतीपासून."

बाकावरची बाई कुरकुरली की उशीर होतोय. मी तिच्या हातात लिंबूपाणी दिलं आणि गप्प बसवलं. उकाने बांबू खांबाला लावून ठेवला आणि सवयीने पाट उचलायला गेला, परबतला बसवायला.

"नको," वेजो म्हणाला. "अजून चालतोय तो. चालतोय तोवर दवाखान्यात चालतच न्या. पण आत्ताच."